माचीला बालेकिल्ला म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हापासून गडांवर भरभरून छापून येत आहे. याचा आनंद आहेच. मात्र आपल्या पुरवणीतल्या एका लेखात 'राजगडाच्या बालेकिल्ल्यावरील पद्मावती मंदिर' असे वाचले आणि पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. पद्मावतीचे मंदिर बालेकिल्ल्यावर नाही, ते पद्मावती माचीवर आहे. त्याच लेखात पुढे संजीवनी माचीला 'निसर्गरम्य पठार' म्हटले आहे. एवढ्याशा चुकीसाठी पत्र कशाला, असे कुणी म्हणेल. पण या दोन शब्दांतला फरक पुसला की गड कसा लढायचा तेच कळेनासे होते.

बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या आतला, सर्वांत उंचावरचा किल्ला. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. गोवळकोंड्याच्या माथ्याला बाला हिसार म्हणतात, तोच हा शब्द. माची त्याच्या खाली असते. कुठे ती माथ्याच्या पोटाशी रुंद पट्ट्यासारखी पसरते, कुठे डोंगराच्या सोंडेवरून लांब धावत जाते. दोन्हीकडे तट असतो, बुरूज असतात, दरवाजे असतात. गडाचा रोजचा राबता माचीवर. तिथे जागा ऐसपैस आणि पाणी हाताशी असते, त्यामुळे शिबंदीची, म्हणजे गडावरच्या सैनिकांची घरे, कोठारे, सदर तिथेच. बालेकिल्ल्यावर जागा थोडी आणि चढ जीवघेणा. तो राखायचा तो बाकी सगळे गेल्यावर उभे राहण्यासाठी. म्हणून वर स्वतंत्र पाणी लागतेच. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचे चंद्रतळे त्याचसाठी.

राजगडावर हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. मधोमध बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना फुटलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. बालेकिल्ल्याला जाताना खडकात हात रोवून चढावे लागते आणि दम लागलेला असतानाच महादरवाजा समोर येतो. जो माणूस दोन्ही हातांनी कातळ धरून चढतो आहे, तो तलवार कशाने चालवणार? बांधणाऱ्यांनी हा विचार करूनच वाट तशी ठेवली असणार, असे मला तरी वाटते.

संजीवनीला पठार म्हणणाऱ्याने तिथल्या तटाच्या आत एकदा उतरून पाहावे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या या माचीला चिलखती तटबंदी आहे, म्हणजे तटाबाहेर आणखी एक तट. दोहोंच्या मध्ये अरुंद, खोल बोळ राहतो. आतल्या बुरुजातून बाहेरच्या बुरुजात उतरायला दगडी पायऱ्या आहेत, त्या इतक्या चिंचोळ्या की एका वेळी एकच माणूस जाईल. शत्रूने बाहेरचा तट तोफेने पाडला तरी तो त्या बोळात येऊन अडकतो आणि आतल्या तटावरच्या माऱ्याखाली सापडतो. माची हा गडाचा अंगणासारखा मोकळा भाग असता, तर तिच्यासाठी एवढी मेहनत कुणी केली असती?

या दोन शब्दांचा अर्थ रक्ताने लिहिला गेला तो पुरंदरावर. मार्च १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने गडाला वेढा घातला. शेजारचा वज्रगड एप्रिलच्या मध्यात पडला आणि त्यावरून मोगली तोफांना पुरंदरची माची माऱ्यात आली. (किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंग लावून गडाच्या माऱ्यात आणावा, तेही न जमल्यास तो स्वतःच बांधून मजबूत करावा, असे पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आले आहे. ते वाचताना मला वज्रगडच आठवतो.) माचीचे बुरूज एकेक करून ढासळले. मुरारबाजी देशपांडे निवडक मावळ्यांनिशी दिलेरखानावर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. तरीही गड पडला नाही. माची हातची गेली, उरलेली शिबंदी बालेकिल्ल्यावर चढली, दरवाजा बंद केला आणि लढत राहिली. जूनमध्ये महाराजांनी स्वतः जयसिंगाच्या छावणीत जाऊन तहाची बोलणी केली आणि गड सोडायची आज्ञा दिली, तोवर बालेकिल्ला मोगलांना घेता आला नव्हता. त्या तहात तेवीस किल्ले गेले, हे शाळेत सगळेच शिकतात. पण माची पडल्यानंतरही वर झुंजत राहिलेल्या त्या माणसांचे काय? 'पुरंदर पडला' असे सरसकट लिहिले की ती वाक्यातून नाहीशी होतात.

प्रत्येक गडाला माची असतेच असे नाही. सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गाला ती असायचे कारणच नाही. विजयदुर्गाला जमिनीच्या बाजूने पडकोट, म्हणजे मुख्य तटाबाहेरचा तट आहे, ते काम वेगळे. उलट राजमाचीला एकाच माचीवर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. तिथे तर गडाचे नावच माचीवरून पडले.

आणखी एक गोष्ट, राजकीय बातम्यांबद्दल. निवडणूक आली की ज्या मतदारसंघात एखादा पक्ष दोनदा निवडून आला तो त्याचा 'बालेकिल्ला' होतो, आणि एखाद्या वाडीतली चार मते फिरली की लगेच 'बालेकिल्ल्याला खिंडार'. हा वापर आता रुळला आहे, तो थांबवा असे मी म्हणणार नाही. पण चोहीकडून माघार घेतल्यावरही ज्या जागी पाय रोवून उभे राहता येते, तिलाच हा शब्द शोभतो. एकट्या जिल्ह्यात पाच-पाच बालेकिल्ले लिहिणाऱ्या वार्ताहरांनी एकदा पुरंदर चढून यावे.

माझ्या विनंत्या दोनच. गडांवरच्या लेखाबरोबर एक साधा नकाशा छापावा आणि त्यात माची कुठली, बालेकिल्ला कुठला, हे वेगवेगळे दाखवावे. आणि यादीत आलेल्या किल्ल्यांवर नवे माहितीफलक लागतील तेव्हा आपल्या वार्ताहरांनी ते वाचून, चूक दिसल्यास संबंधितांकडे पाठपुरावा करावा. दगडी फलकावर एकदा चूक कोरली गेली की ती दुरुस्त व्हायला वर्षे जातात, आणि तोवर शाळांच्या कितीतरी सहली ती वहीत उतरवून घेऊन जातात.

कळावे.
आपला,
एक नियमित वाचक