बाबा, त्या दोन बाटल्या मी आणल्यात

आई, बाबा,

रविवारी निघताना फ्रिजवरच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या त्या दोन्ही बाटल्या मी गुपचूप पर्समध्ये टाकल्या. फोनवर बोलले असते तर बाबा चिडले असते, म्हणून लिहून सांगतेय. रागावू नका. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या काकांनी चांगल्या मनानंच सांगितलं असणार, आणि पैसे गेल्याचं मलाही वाईट वाटतंय.

पण पुण्यात आल्यावर रात्री दोन्हीची लेबलं शेजारी ठेवून वाचली. एक नुसती व्हिटॅमिन सी, १००० मिलिग्रॅम. बाबा, तुम्हाला दिवसाला लागतं ८०, आईला ६५. जास्तीचं बरंचसं लघवीतूनच जातं, पण काहीचं ऑक्झलेट होतं, म्हणजे ज्याचे खडे बनतात ते, आणि पुरुषांना मुतखड्याचा धोका वाढतो. ती रात्र आठवते ना, आईनं आणि मी तुम्हाला रिक्षात धरून नेलेलं? मला ते परत बघवणार नाही.

दुसरी अँटिऑक्सिडंटवाली, ती तर मला जास्तच नको वाटली. तिच्यात व्हिटॅमिन ई ४०० आहे, त्यानं रक्त पातळ होतं आणि स्टेंटनंतरची तुमची गोळीही त्याचसाठी. परवा दाढी करताना कापलं तर आईनं तुरटी धरली तरी किती वेळ रक्त थांबत नव्हतं. शिवाय बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए होतं ते. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर ते तपासलेलं, १९९४ ला निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्याऐवजी वाढलेला. अमेरिकेतला तसलाच प्रयोग १९९६ ला मध्येच थांबवला, त्यात सिगरेट सोडलेले पण होते. तुम्ही सोडलीत याचा मला फार अभिमान आहे बाबा, पण तीस वर्षं ओढलीत ना.

तुम्हाला काही कमी पडणार नाही. अर्ध्या पेरूत दिवसाचं सी भागतं, आई, बाबांना चावत नसेल तर बिया काढून बारीक चिरून दे. लिंबू आमटी गॅसवरून उतरल्यावरच पिळ, उकळलं की सी जातं. आणि गच्चीवर तू मीठ लावून आवळ्याच्या फोडी वाळवायचीस, मी शाळेतून येऊन फ्रॉकच्या खिशात भरून घ्यायचे, तशा यंदा कर ना. बाबांना मात्र दोनच फोडी, मीठ असतं.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवीन काही घ्यायचं नाही. शनिवारी येतेय, सगळ्या गोळ्या एका डब्यात काढून ठेवा, आपण तिघं जाऊन दाखवू.

तुमची,
चिमी