बोलण्यात अडखळणाऱ्या मुलांची तपासणी दसऱ्याआधी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचन चाचणीत मूल अडखळलं की 'अप्रगत' असा शेरा पडतो. माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा एकट्यानं वाचायला उभा राहिला की 'प'वरच अडकतो, मानेला झटका बसतो, डोळे घट्ट मिटतात. तोच मुलगा सगळ्यांच्या सुरात कविता म्हणताना एकदाही थांबत नाही. तोतरेपणात असं पुष्कळदा दिसतं. त्याला अक्षरं येतात, अडतो तो बोलण्याचा ओघ. दुसरी एक मुलगी स्पष्ट बोलते, पण तिला ऐन वेळी शब्द सापडत नाही. पोहरा दाखवला तर म्हणते, "ते... आडातून पाणी काढायचं." दोन कामं एकदम सांगितली तर एकच करते. तिला 'ढ' म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

घरी म्हणतात, जीभ जड आहे, वेखंड चाटवा, मोठेपणी बोलेल. त्यात वर्षं जातात. खरं तर आधी कान तपासायला हवेत. कान सतत वाहत असला तरी ऐकू कमी येतं आणि बोलणं मागे पडतं. तांड्यावरचं लेकरू पहिलीत गप्प बसतं, तेव्हा मात्र घाई नको. ते गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, घडाघडा बोलत असेल तर त्याला फक्त मराठी शिकायची आहे. गोरमाटीतही अडत असेल, तर तपासणी हवीच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, श्रवणदोष आणि उशिरा बोलणं दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पथकानं शाळेत वर्षातून एकदा यायचं असतं. पण दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात आणि कितीतरी लेकरं आईबापांसोबत उसाच्या फडावर जातात. पथक त्या महिन्यांत आलं तर ती राहूनच जातात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ती परततात तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

म्हणून आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे: ऊसतोडीच्या गावांतली शाळा तपासणी दसऱ्याआधी उरका. वाचा उपचार एका भेटीत होत नाहीत, महिनोन्‌महिने लागतात आणि दर वेळी जिल्ह्याला जायचं तर मजुरी बुडते. तालुक्याच्या रुग्णालयात वाचा उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस तरी बसावेत, आणि तो दिवस आठवडी बाजाराचा असावा. त्या दिवशी पालक तालुक्याला येतातच.

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. धारूर, जि. बीड