डोंगरातला दिवस कसा आखावा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. डोंगराळ मुलखात चार दिवस पायी हिंडायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तू पाठवलेल्या यादीत बूट, सॅक, टॉर्च सगळं आहे. पण रोजच्या वाटचालीपुढे फक्त किलोमीटर लिहिलेत, आणि तिथेच मला काळजी वाटली. डोंगरात अंतरापेक्षा चढ महत्त्वाचा. दिवस किलोमीटरमध्ये नाही, तासांमध्ये आखायचा.

त्यासाठी एक जुना, सोपा हिशोब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तुझ्या दुसऱ्या दिवसाची वाट समज 12 किलोमीटरची आहे आणि चढ 900 मीटर. चालण्याचे 2 तास 24 मिनिटं, चढाचा दीड तास, म्हणजे साधारण चार तास. हा आकडा सवयीच्या, हलक्या ओझ्याच्या माणसाचा, तोही कुठे न थांबता. पाठीवर दहा किलो असतील, वाटेत खाणं-पिणं आणि फोटो असतील, तर त्यात निदान निम्मी भर घाल. म्हणजे सहा तास झाले. तीव्र उतारावरही वेळ वाचत नाही, उलट दर 300 मीटर उतरायला दहा मिनिटं जास्त धर. एकूण चढ मोजताना फक्त माथ्याची उंची बघू नकोस. मधल्या खिंडीत उतरून पुन्हा चढावं लागतं, तीही बेरीज करायची. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकेक करून मोजल्यास की ती नीट कळते. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे हिशोबावर विसंबू नकोस, तिथे हातही लावावे लागतील.

आता या तासांवरून परतीची वेळ काढ. सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामी पोचायचं, असं धरून मागे मोजत ये. जी वेळ निघेल ती कागदावर लिही. त्या वेळेला जिथे असशील तिथून मागे फिर, मग माथा अर्ध्या तासावर का दिसेना. ही वेळ घरी बसून, डोकं शांत असताना ठरवायची असते. वर दमल्यावर आणि माथा समोर दिसत असताना कुणाचाही निर्णय बरोबर येत नाही. शिवाय दरीत ऊन लवकर जातं, समोरच्या डोंगरधारेमागे सूर्य गेला की वाट तासभर आधीच अंधारते.

लवकर निघण्याचं दुसरं कारण म्हणजे वीज. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली जमीन हवा वर ढकलते आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर पडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग धार, माथा, एकटं झाड सोडून खाली ये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नकोस. हिमनदीतून येणारे ओढेही सकाळीच ओलांडायचे, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

वाट चुकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खेड्यांच्या आसपास वाटांचं जाळंच असतं. निम्म्या वाटा माणसांच्या नसतात. ढोरवाट सुरुवातीला अगदी मळलेली दिसते, मग चरणीच्या जागी तिला फाटे फुटतात आणि ती झुडपांत विरून जाते. ओळखायची खूण फांद्या. जनावरं खालून निघून जातात, त्यामुळे छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवरच्या फांद्या तशाच राहतात. माणसांच्या वाटेवर त्या मोडलेल्या किंवा तोडलेल्या असतात. फांद्या सारख्या तोंडावर यायला लागल्या की थांब आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जा. ओढ्याच्या पात्राने खाली उतरायचा मोह टाळ. पाणी कड्यावरून उडी मारतं, तुला मारता येत नाही. प्रत्येक फाट्यावर एकदा मागे वळून बघ, परतताना तीच जागा वेगळी दिसते.

गावात विचारताना ‘ही वाट अमक्या ठिकाणी जाते ना?’ असं विचारू नकोस. भिडेखातर हो म्हटलं जातं. ‘ही वाट कुठे जाते?’ असं विचार, आणि पावसानंतर कुणी तिकडे गेलंय का तेही. त्यांच्या एका तासाचे तू दोन धर. कुंपणाचं फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जा, उघडं असेल तर उघडं. कळपाची राखण करणारे कुत्रे अंगावर आले तर पळू नकोस, हळू चालत कळपाला लांबून वळसा घाल.

उतारावर सगळ्यात जास्त हाल बोटांचे आणि गुडघ्यांचे होतात. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी नखं काप. उतार सुरू होण्यापूर्वी बूट पुन्हा बांध. टाच जमिनीवर आपटून मागे बसव, घोट्याच्या वळणावरच्या हुकांपाशी नाडीला एकाऐवजी दोन पीळ देऊन घट्ट आवळ, मग वरचे हुक थोडे सैल. पाय पुढे सरकत नाही, आणि नखं काळी पडत नाहीत. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, पावलं आखूड टाक, गुडघा किंचित वाकलेला ठेव. अंग मागे टाकलंस की पाय निसटलाच म्हणून समज. टाचेला गरम वाटलं की लगेच चिकटपट्टी लाव. पुढच्या थांब्याची वाट बघितलीस तर तोवर फोड आलेला असेल.

दर 1000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून सुती बनियन घालू नकोस, घामाने भिजलं की वाळत नाही. पाणी तासाला अर्धा लिटर धर. ओढ्याचं असेल तर एक मिनिट खळखळून उकळ, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. 3000 मीटरच्या पुढे विरळ हवा बाधते, म्हणून झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नकोस. डोकं दुखून मळमळत असेल तर तिथेच मुक्काम. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

शिट्टी सॅकच्या पट्ट्याला बांध, आत नको. मदतीसाठी मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर कुणीतरी उत्तर देतंय.

आणि निघण्यापूर्वी चारही दिवसांचा कागद मला पाठव. रोजची वाट, मुक्कामाचं ठिकाण, परतीची वेळ, सॅकचा आणि जॅकेटचा रंग, तिथल्या बचाव पथकाचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत तुझा निरोप आला नाही तर मी त्यांना फोन करायचा, ती वेळ. बेत बदललास तर रेंज असेल तिथून आधी कळव.

तुझा मित्र