छिद्र बुजले, पुढे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हृदयात छिद्र असलेल्या बाळाला जीवदान मिळाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आनंद झालाच, पण ‘आता पुढे कोणत्याही उपचाराची गरज नाही’ हे शेवटचे वाक्य खटकले. माझ्या लहानपणी माझ्या आईवडिलांनाही कोणीतरी हेच सांगितले होते.

माझा आजार फॅलोटचा, म्हणजे जन्मतःच हृदयात चार दोष एकत्र, रडले की ओठ निळे. हे दोष दुरुस्त करण्याच्या, १९५४ पासून होत आलेल्या शस्त्रक्रियेनंतर आज बहुतेक मुले मोठी होतात. आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना तिथली झडप बरेचदा निकामी होते. मग दर ठोक्याला थोडे रक्त उजव्या कप्प्यात परत येते. पोराला काही जाणवत नाही, ते सायकल दामटत असते. कप्पा मात्र वर्षानुवर्षे ताणला जातो.

मला ते एकतिसाव्या वर्षी कळले. जिना चढताना दम लागायचा, मी वाढत्या वजनाला दोष देत होते. एका रात्री छातीत धडधड सुरू झाली ती थांबेना. डॉक्टरांनी आधी विचारले, ‘जुन्या ऑपरेशनचे कागद?’ माळ्यावरच्या पेटीत डिस्चार्ज कार्ड सापडले. घडीवरची एक ओळ पुसली गेली होती, आणि झडपेचे काय केले ते नेमके त्याच ओळीत होते! पुढे जांघेतल्या शिरेतून नवी झडप बसली, छाती न उघडता. सगळ्यांच्याच बाबतीत ते जमते असे नाही.

प्रत्येक दोषाची मागची कटकट वेगळी. महाधमनीचा अरुंद भाग दुरुस्त केलेल्यांचा रक्तदाब मोठेपणी चढू शकतो. तो हाताला आणि पायालाही मोजावा लागतो. कृत्रिम झडप असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून तिच्यावर जाऊन बसतात. आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत बाळाला ताप आला, धाप लागली, ते दूध घेईनासे झाले, तर सर्दी समजून थांबू नये. हृदयाभोवती पाणी साचलेले असू शकते.

बातमीत यातल्या दोन ओळी मावल्या असत्या. निदान त्या बाळाच्या आईवडिलांना माझा निरोप द्या: डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कार्ड घडी न घालता ठेवा.

आपली,
एक वाचक