हॉर्नेटच्या टायरांवरून

रत्नागिरी
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू कारखान्यात, मध्येच कोणीतरी हाक मारणार, आणि तू "बरं बरं, नवीन टाक" म्हणून मोकळा होणार. म्हणून लिहितो. आमचं बरं आहे. माझा गुडघा आहे तसाच, आईची साखर आटोक्यात. आता मुद्दा.

हॉर्नेट सापडली. आपली ती रिमोटवर पळणारी, टामिया कंपनीची छोटी गाडी!

वहिनींनी माळा रिकामा करायला काढलाय. खोका वाळवीनं अर्धा खाल्ला होता, पण दादांनी योकोहामाहून आणलेली ती चादर गुंडाळलेली होती ना, तिच्या आत गाडी शाबूत. काळ्या बॉडीवरचे पट्टे सुटलेत, खाऱ्या वाळूनं स्क्रू गंजलेत, रिमोटच्या बॅटरीच्या खणात हिरवट राप धरलाय. पण मोटरला दोन तारा लावल्या आणि ती फिरली रे! आजही तोच जळका वास. टामियाच्याच ग्रासहॉपर गाडीची मोटर ३८० नंबरची आणि आपली ५४० ची, हे तू शाळेत किती जणांना ऐकवलं असशील! बाकीची गाडी मी उभी करतो, त्याची चिंता सोड. चिंता टायरांची आहे आणि त्यात तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं मत मला चालणार नाही.

गाडी इतकी वर्षं चाकांवरच उभी होती. त्यामुळे चारही टायर खाली बसलेत, फिरवले की थबकतात. पुढच्या धारीच्या टायरांना आपण गोंद लावला होता, आठवतंय? तो सोडवायला सगळे असिटोन सुचवतात. पण असिटोननं रिमचं प्लास्टिकच विरघळलं तर काय करायचं? मी उकळत्या पाण्यात धरले. उष्णतेनं आणि ओलाव्यानं तो गोंद कच्चा पडतो, मग कडेनं अंगठा फिरवत फिरवत टायर सुटतो. पाण्याचा आणखी एक फायदा झाला. गरम रबर नरम असतानाच आत कापड ठासून गोल आकारात थंड होऊ दिलं, तर बसका भाग बराचसा उठला. पूर्ण नाही, पण बराचसा.

मागच्या काटेरी टायरांचं प्रकरण वेगळं. उजवा टायर काढला आणि आतून पिवळी पूड सांडली. तू भरलेला उशीचा स्पंज! आत नुसती हवा असते म्हणून टायर वळणावर दबतो, असं तुझं शास्त्र होतं. आपल्या दमट हवेत स्पंजाचा पार भुगा झालाय आणि थोडा चिकट होऊन रबराला धरून बसलाय. भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन काट्यांच्या मधून मधून घासत बसलो. माईंची उशी उसवून तो स्पंज तू काढला होतास, मी नाही. आज लेखी नोंदवून ठेवतो.

धुतल्यावर खरं रूप दिसलं. काट्यांच्या मुळाशी आणि टायरच्या खांद्यावर बारीक आडवे तडे आहेत. रबर जिथे ताणलेलं असतं तिथेच हवेतला ओझोन वायू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, म्हणून तडे नेहमी ताणाला आडवे जातात. सपाट भागावर एक ओरखडाही नाही. आणि वर जी तपकिरी साय दिसते ना, ती घाण नव्हे. ओझोनपासून वाचवायला रबरात मेण आणि रसायनं मिसळलेली असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. पेट्रोलनं किंवा रॉकेलनं पुसून "स्वच्छ" केलं की ते संरक्षणही जातं आणि रबर फुगतं ते वेगळंच. आपण बुटाचं पॉलिश लावायचो तेव्हा चमक यायची खरी, पण नवीन हॉर्नेटचे टायर कधी चमकत नव्हते, मळकट काळेच होते. गाडीवाले जे सिलिकॉन मारतात त्यानंही तसाच खोटा तकाकी रंग येतो. मला तो नको.

आता खरी गोष्ट. उजव्या टायरचा एक तडा काट्यापासून थेट साइडवॉलपर्यंत गेलाय, बोटानं उघडतो.

पुण्यात जुन्या गाड्या गोळा करणारा एक जण ओळखीचा आहे. तो म्हणाला, गंधपुरा तेल आणि झायलीन, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, एकत्र करून टायर बुडवून ठेवा, नव्यासारखे मऊ होतील. गंधपुरा म्हणजे दादा पाठीला चोळायचे त्या मलमाचाच वास. टाइपरायटरचे कडक झालेले रूळ लोक यानंच मऊ करतात, त्यामुळे माणूस खोटं बोलत नाही. मी वाचलं, विचारलं, आणि माझं मत उलट झालंय. तेल रबरात शिरतं, रबर फुगतं, म्हणून मऊ लागतं. तुटलेल्या साखळ्या त्यानं जोडल्या जात नाहीत. तेल उडून गेलं की रबर पुन्हा आक्रसतं, आणि झायलीननं आतलं उरलंसुरलं तेलही ओढून काढलेलं असतं. मग तडे आणखी रुंदावतात. रूळ बिघडला तर दुसरा मिळतो. हा टायर दुसरा मिळत नाही.

का मिळत नाही, ते तुला माहीत आहे. मांडवीच्या ओल्या वाळूत काटे रुतायचे म्हणून दादांच्या दाढीच्या पात्यानं एकाआड एक ओळ आपण कापली होती. उजव्या टायरची पूर्ण झाली, आणि डाव्याला पातं लावतोय तोच माई आल्या. त्या कापलेल्या ओळी अजून तशाच आहेत. मी भिंगातून पाहिल्या. कडेच्या दोन ओळी वाकड्या गेल्यात, त्या तुझ्या. त्यानंतर गाडी कायम एका बाजूला ओढायची आणि तू सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरीला, दोष द्यायचास. अरे, एका चाकाला निम्मे काटे, दुसऱ्याला पूर्ण, ओढणार नाही तर काय! हा वाद मी आज जिंकलो असं समजतो.

म्हणून माझं म्हणणं ऐक. जुने टायर भिजवायचे नाहीत, काळे करायचे नाहीत. उजव्याच्या तड्याला आतून ठिगळ लावायचं. सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा, दोन्ही बाजू पॉलिशपेपरनं खरवडायच्या, पंक्चरचं सोल्युशन लावून सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. नाक्यावरचा सायकलवाला करून देतो म्हणाला, पण मीच करीन. बाहेरून काही दिसणार नाही, तडा मात्र पुढे सरकणार नाही. मग गाडी लाकडी ठोकळ्यावर, चाकं अधांतरी, उन्हापासून लांब. आणि फिरत्या मोटरीपासूनही लांब, कारण कार्बन ब्रशच्या ठिणग्यांतूनही ओझोन निघतो.

पण गाडी पळायलाही हवी. इथे तुझं काम. टामियानं १९८४ ची हॉर्नेट २००४ साली पुन्हा काढली, आणि तिचे टायर आपल्या गाडीला बसतात. तू तिकडे जपानात हमामात्सूत बसलायस, शिझुओका एका ट्रेनच्या अंतरावर. कंपनीचं गावच ते. पुढचे अरुंद, धारीचे आणि मागचे रुंद, काट्यांचे, दोन्ही घे. जमलं तर रिमचा एक जोडही, म्हणजे जुने टायर जुन्या रिमवरच राहतील आणि पुन्हा पुन्हा उतरवावे लागणार नाहीत. दर वेळी ताणताना तडे वाढतात.

शेजारची पोरं म्हणतात, काका, नवी गाडीच घ्या ना, यापेक्षा दहापट जोरात पळते. पळत असेल. त्यांना भाट्याला घेऊन जायचंय मला, नव्या टायरांवर, आणि या गाडीचा मागचा भाग वाळूत कसा उसळतो ते दाखवायचंय. आणि उसळल्यावर पोरं हसली तर मला आनंदच होईल.

तुझं काय? प्रमोशनचं झालं का? मुलीची परीक्षा कशी गेली? नवं घर स्टेशनपासून लांब आहे असं वहिनी म्हणत होत्या, सायकल घे. माई बऱ्या आहेत, तुझा फोन आला नाही म्हणून मला ऐकवतात, तेवढा रविवारी कर.

गाडी तुझी माझी निम्मी-निम्मी, म्हणून तुझा होकार आल्याशिवाय सोल्युशनची ट्यूब उघडत नाही. पावसाळ्याच्या आत कळव. तडा कसा आहे ते बघायला फोटो वेगळे पाठवतोय. त्या दोन वाकड्या ओळींवर मी बाण काढलेत.

तुझा,
सदा