'झालं' नको, 'केलं' म्हण

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, काम मला येतं गं, पण मुलाखतीत इंग्रजी सुरू झालं की मी माझी राहतच नाही." मी नुसतं "होईल सगळं नीट" म्हणाले आणि फोन ठेवला. तेवढ्याने तुझं काहीच भागलं नसणार, म्हणून लिहायला बसले आहे.

मी मुलाखती दिल्या, आणि पुढे बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून घेतल्याही. पलीकडून काय दिसतं ते सांगते. उमेदवाराच्या उच्चारांकडे पहिली एक-दोन मिनिटं लक्ष जातं, मग कान सरावतो. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये ती मातृभाषा नसलेलेच जास्त आहेत, तेव्हा समोरचाही बरेचदा त्यांतलाच असतो. मला खटकायचं ते वेगळंच. उत्तर संपायचं आणि या मुलीने नेमकं काय केलं, हेच कळलेलं नसायचं.

यात आपल्या मराठीचाही हात आहे. आपण म्हणतो, "अहवाल वेळेत तयार झाला", "अडचण सुटली". केलं कुणी ते ऐकणाऱ्याला कळतं, आणि सारखं "मी केलं, मी केलं" म्हणणं आपल्याला आढ्यतेचं वाटतं. हीच वाक्यं इंग्रजीत नेलीस की त्यांतून तू गायब होतेस. शिवाय आपलं क्रियापद शेवटी येतं. "मागच्या वर्षी आमच्याकडे ग्राहकांच्या तक्रारींची जी जुनी यादी पडून होती ती मी..." इथपर्यंत आलो तरी आपण निवांत असतो, क्रियापदाला अजून वेळ असतो. इंग्रजीला ते कर्त्याच्या पाठोपाठ लागतं. मनात मराठी वाक्य जुळवायचं आणि ते उलटं करत बोलायचं, या खटपटीत माणूस मध्येच अडकतो. तुझ्याकडे शब्द कमी आहेत असं मला वाटत नाही. तू अडखळतेस ती या वळणावर.

म्हणून तुझ्या कामाचे चार-पाच प्रसंग निवड आणि प्रत्येकाचं फक्त पहिलं वाक्य ठरवून ठेव. 'आय', आणि लगेच क्रियापद. आय बिल्ट, आय फिक्स्ड, आय कन्व्हिन्स्ड. पुढचं त्या वेळी सुचू दे. सबंध उत्तर पाठ करू नकोस. पाठ केलेलं पलीकडे चटकन ओळखू येतं: आवाज सपाट होतो, नजर वर जाते, आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळंच विसरायला होतं. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाला 'वी' जरूर म्हण, पण त्यातला तुझा वाटा वेगळा सांग.

एक चूक मला फार महागात पडली होती. मला विचारलं, "सो यू हॅवन्ट हँडल्ड अकाउंट्स बिफोर?" मी म्हणाले, "यस." आपल्याकडे "हे काम केलेलं नाहीस ना?" याला "हो, नाही केलं" हे उत्तर अगदी बरोबर. इंग्रजीत तिथे 'यस' म्हणजे 'केलं आहे'. मग ते हिशेबांबद्दलच खोलात विचारत गेले, मला काही सांगता येईना, आणि मी खोटं बोलले असं त्यांना वाटल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. नेमकं काय झालं ते मला कितीतरी महिन्यांनी उमगलं. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. नकारार्थी प्रश्नाला तू नुसतं यस किंवा नो म्हणूच नकोस. पूर्ण वाक्य बोल: "आय हॅवन्ट, बट आय हॅव डन सिमिलर वर्क."

'पासून'नेही अशीच गफलत होते. '2022 पासून' आणि 'दोन वर्षांपासून', आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'सिन्स', दुसऱ्या ठिकाणी 'फॉर'. तसंच 'आय अ‍ॅम हॅविंग एक्स्पीरियन्स' म्हणू नकोस, 'आय हॅव' म्हण. पण बोलता बोलता चुकलीस तर पुढे जा. असल्या चुकीने मी कुणाला नाकारल्याचं मला आठवत नाही. दर वाक्याला 'सॉरी' म्हणणाऱ्यांचं काम मात्र माझ्या लक्षात राहायचं नाही.

उच्चारांवर वेळ घालवायचाच असेल तर आघातावर घालव. मराठीत आपण अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो; इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. तो चुकीच्या जागी पडला तर ओळखीचा शब्दही समोरच्याला कळत नाही. तुझ्या कामातले रोजचे वीसेक शब्द शब्दकोशात ऐकून घे. बाकी बोलणं तुझं तुझ्यासारखंच राहू दे. उसना आणलेला उच्चार दहा मिनिटांत गळून पडतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नकोस. जेवढं कळलं तेवढं तुझ्या शब्दांत सांग आणि हेच विचारायचंय ना, अशी खात्री करून घे. दोन-तीन सेकंद गप्प राहिलीस तर तुला तो काळ फार मोठा वाटेल. समोरच्याला फक्त विचार करणारी मुलगी दिसते.

मराठीत तू मला एखादी गोष्ट पटवून देतेस तेव्हा तुझे हात, डोळे, आवाज सगळं कसं कामाला लागतं! मला त्या खोलीत ती मुलगी हवी आहे. तुझे ते प्रसंग आधी मराठीत मोठ्याने सांगून बघ, मग लगेच इंग्रजीत, आणि दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. इंग्रजीत आवाज कुठे बारीक होतो ते तुझं तुलाच कळेल.

रविवारी फोन कर. मी इंग्रजीत विचारीन, तू उत्तरं दे. मध्येच मराठीत घसरलीस तरी थांबू नकोस, तिथूनच वळ. पहिला प्रश्न नकारार्थी असणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
आई