मनू, त्या 87 गुणांबद्दल

येळ्ळूर,
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ तोंडात असतानाच तू बॅग उचललीस आणि धारवाडची बस धरलीस. त्यानंतर फोनवर नुसतं "हं, हं" चाललंय, म्हणून लिहायला बसले. बाबा काय बोलले ते मी पुन्हा काढत नाही. त्या दिवसापासून ते मळणीला जातात, येतात, जेवतात, आणि रात्री आजीला विचारतात, "मनूचा फोन आला होता काय?" मला विचारत नाहीत.

तुझा सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, सराव टेस्टच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा कपाटावर राहिला होता. तो घेऊन काल दुपारी बसले. मला गणित येत नाही, पण बरोबर-चूकच्या खुणा तर वाचता येतात. फिजिक्स 33, केमिस्ट्री 34, मॅथ्स 20. मिळून 180 पैकी 87. आधीच्या टेस्टला 92 होते, ते खाली आले म्हणून तू रडलीस आणि "माझ्याच्यानं होणार नाही" म्हणालीस.

अंगणवाडीत वजनाच्या दिवशी एखाद्या बाळाचं वजन दोनशे ग्रॅमनं उतरलं की आईचा चेहरा उतरतो. मी तिला त्या एका आकड्यावर कधीच बोलत नाही. ताप येऊन गेला असेल, जुलाब झाले असतील. मी मागच्या महिन्यांचे ठिपके जोडून रेषा कुठे चाललीय ते बघते. तुझी रेषा बघ की. पहिली टेस्ट 68, मग 81, मग 92, आता 87. ही वर जाणारीच रेषा आहे, शेवटचा एक ठिपका खाली बसलाय. तो का बसला, एवढंच शोधायचं.

मी शोधलं. मॅथ्सच्या पहिल्या 30 प्रश्नांत तुझे 16 बरोबर आहेत. पुढच्या 16 मध्ये चारच. आणि उत्तरपत्रिकेतले शेवटचे 14 गोल कोरे! केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या, सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. मग कोरं का सोडलंस? डोळे मिटून भरले असते तरी तीनेक लागले असते. आणि एक गोष्ट बघ. पेपर 80 मिनिटांचा म्हणतात, पण खऱ्या प्रश्नपत्रिकेवर उत्तरं लिहायला जास्तीत जास्त 70 मिनिटं असंच छापलेलं असतं. 60 प्रश्न, 70 मिनिटं. खोलीवर घड्याळ लावून बसशील तेव्हा 70 चंच लाव. एका गणितावर अडलीस की खूण करून पुढे जा. तुझ्या कच्च्या कामाच्या पानावर 23 व्या प्रश्नाची आकडेमोड तीनदा खोडून तीनदा केलेली दिसते. तिथेच वेळ गेला गं.

दुसरंही दिसलं. 92 आले तेव्हा मॅथ्स सकाळी होतं, या वेळी दुपारी अडीचला. तुझ्या खोलीवरच्या मुलीची आई परवा बाजारात भेटली होती. तिनं सांगितलं की तू दोन-दोन वाजेपर्यंत दिवा लावून बसतेस. झोपेबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नव्हते. पण दुपारी अडीचला डोकं चालायचं तर रात्री ते झोपलेलं पाहिजे.

आता पुढचं. क्लासवाल्यांनी भिंतीवर लावलेली अंदाजी रँक बघून तू घाबरलीस, पण इंजिनिअरिंगची रँक नुसत्या सीईटीवर लागत नाही. अर्धी सीईटी आणि अर्धे पीयूसीचे, म्हणजे बारावी बोर्डाचे, पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गुण. सहामाहीला तुला 300 पैकी 240 होते, म्हणजे 80 टक्के. सीईटीचे 87 म्हणजे 48 टक्क्यांच्या जरा वर. दोन्हींची सरासरी 64 च्या आसपास. सीईटीत 18 गुण वाढले तर सरासरी 5 नं वाढते. बोर्डाकडून तेवढंच हवं तर 30 गुण वाढवावे लागतील. म्हणजे सीईटीचा एक गुण बोर्डाच्या दीड गुणापेक्षा जड आहे. तरीही मार्चात बोर्ड आधी येतं, तेव्हा तोवर बोर्डाचं वाच आणि सीईटीसाठी रोज एकच तास ठेव. बोर्डाचा पेपर झाला की एप्रिलपर्यंत फक्त सीईटी.

हे सगळं मी वहीत मांडलं तर आजी म्हणाली, "तू परीक्षेला बसतेस काय?" मी गप्प बसले. फार सांगतेय मी, राग मानू नकोस. पण मला अर्धवट सोडवत नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं तू काढलंस म्हणून बाबा तापले. मला तसं वाटत नाही. आपलं येळ्ळूर महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या त्या 865 सीमाभागातल्या गावांत आहे, आणि महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वेगळी सोय आहे, ती घ्यायला लाज कसली? फक्त एवढं लक्षात ठेव, महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत मॅथ्सचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. 200 पैकी 100 गुण एका मॅथ्सचे. इथे तोच विषय तिसऱ्या हिश्श्याचा आहे. म्हणून तिथलं दार उघडायचं तर मॅथ्सच आधी. आणि तिथे पर्सेंटाइल देतात, म्हणजे तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण असलेली मुलं शंभरात किती ते. 80 पर्सेंटाइल म्हणजे 80 टक्के गुण असं समजून हुरळू नकोस आणि घाबरूही नकोस. फॉर्मचे पैसे मी भरलेत, बाबांना अजून सांगितलेलं नाही. मी सांगेन. तू पहिली ते दहावी गावातच शिकलीस, म्हणून इथल्या प्रवेशातल्या ग्रामीण कोट्यासाठी शाळेचा दाखला घेऊन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात सहीला दिलाय.

लहानपणी तू अंगणवाडीत माझ्या मांडीला चिकटून बसायचीस आणि काट्याची सुई माझ्याआधी वाचायचीस. "आई, साडेनऊला दोन कमी!" म्हणून ओरडायचीस. मी वहीत लिहायचे आणि मागच्या बाळंतिणी हसायच्या. तिसरीत असताना राजहंसगडावर मधेच उन्हात बसलीस आणि म्हणालीस, पायऱ्या मोजून झाल्याशिवाय उठणार नाही. बाबा तुला खांद्यावर घ्यायला गेले तर त्यांच्या पाठीवर बुक्क्या. तेच बाबा आहेत हे. क्लासच्या पैशांचा विषय काढला म्हणून ते तुझ्या विरुद्ध झाले असं समजू नकोस. मसूर या वर्षी बरी निघालीय, पुढच्या हप्त्याची काळजी तू करायची नाहीस.

आपल्या घरात पीयूसी सायन्सला जाणारी तू पहिली. मराठी शाळेतून थेट इंग्रजीत, धारवाडला, एकटी. पहिल्या महिन्यात फोनवर "काहीच कळत नाही" म्हणणारी मुलगी आता फिजिक्सचे 33 बरोबर सोडवते. माझ्या सेंटरमधल्या मदतनीसबाईंना मी हे दोनदा सांगितलं.

पण दादाचं ते वर्ष माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, मनू. तोही रात्र-रात्र जागायचा. त्या एप्रिलात काय झालं ते तुला माहीत आहे, मी इथे लिहीत नाही. आज तो ठीक आहे, हुबळीत कामावर आहे, सणाला हसत घरी येतो, तरी त्याच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत दिसला की मी उठून बघून येते. तुझ्या हॉस्टेलवर मला उठून येता येत नाही. साडेदहाला पुस्तक मिटायचं. गुण दहा कमी पडले तरी चालतील. बोर्डाचीसुद्धा आता वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा घेतात, गुण वाढवता येतात. डिप्लोमा आहे, बी.एस्सी. आहे. झोप मात्र सोडायची नाही. बघ, पुन्हा तिथेच आले.

पुढच्या रविवारची टेस्ट झाली की मॅथ्सच्या पेपरचा फोटो पाठव, गुण काही का असेनात. कोरे गोल किती राहिले एवढंच मी मोजणार आहे. बाबा शनिवारी धारवाडला बियाणाच्या कामाला येणार आहेत. त्यांच्याजवळ भाकरी, शेंगाची चटणी आणि तुझा चार्जर देते. गेटवर उभं करून परत पाठवू नकोस, दहा मिनिटं तरी त्यांच्याशी बोल.

तुझी,
आई

ता. क. दादानं तुझ्यासाठी जुन्या सीईटीचे पेपर गोळा केलेत, तेही पिशवीत आहेत. त्यानं वर लिहिलंय, "दिवसा सोडव."